‘आते बस व्हयनं’ यंत्राला कसे कळावे?

संपादक महाशय,

मोबाईलवरील मजकुरावरून आत्महत्येचा धोका ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे कालच्या अंकातील कौतुक वाचून खान्देशात मोठाच दिलासा पसरला असेल. आता शेजारच्या घरात डोकावण्याचीही गरज उरली नाही म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली, कपाशी जळाली आणि पोळ्याच्या संध्याकाळी माझ्या पुतण्याने भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर एवढेच लिहिले : ‘आते बस व्हयनं’, म्हणजे ‘आता पुरे झाले’. हेच शब्द आमच्याकडे पंगतीत ताटावर हात आडवा धरून, आणखी बट्टी नको म्हणून वाढप्याला सांगताना वापरतात. अहिराणीतला हा फरक यंत्राने कसा ओळखावा, यावर लेखात एक ओळ नाही. फेसबुक २०१७ पासून असा मजकूर हेरते, हे खरे. पण आमची सुखदुःखे चालतात व्हॉट्सॲपवर, जिथले संदेश खुद्द कंपनीलाही वाचता येत नाहीत. उद्या ते वाचू द्यायचे ठरलेच, तर पोराच्या मनातले आधी कोणाला कळणार, डॉक्टरला की कर्जवसुलीवाल्याला?

अर्थात यंत्राला हसण्याचा अधिकार मला नाही. त्या संदेशाखाली गटातील अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकली आणि जन्मभर मुलांना मराठी शिकविलेल्या मी अंगठा दाखविला. संशय आला तो त्याच्या आईला, म्हणजे मोबाईल उघडताही न येणाऱ्या माझ्या वहिनींना : पोळा असून पोराने बैलांच्या शिंगांना रंग लावला नाही, एवढ्यावरून त्या रात्रभर खळ्यात त्याच्याजवळ बसून राहिल्या. सकाळी आम्ही त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेले, तर मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात आणि या महिन्याची तारीख होऊन गेली, असे सांगण्यात आले. पुढे जळगावी उपचार झाले. पुतण्या आज सुखरूप आहे. यंत्राने धोक्याची घंटा वाजविली असती, तरी ती त्याच बंद दारावर वाजली असती.

आणखी एक. अर्धे पान व्यापणाऱ्या त्या लेखात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक छापण्यास आपणास जागा मिळाली नाही. शेजारी ‘दहा मिनिटांत विनातारण कर्ज’ ही जाहिरात मात्र फोन नंबरासह ठळक होती. निदान त्याच टाइपात १४४१६ उद्या छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)