आई, ते फोटो तुझ्याकडे नव्हतेच

ती. आई-बाबा,

सा. न.

परवा फोनवर चिडले, ते मनात ठेवू नका. "बाबा, किती वेळा सांगायचं?" म्हणून फोन ठेवला आणि रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की मी एकदाही नीट सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला निघायच्या दिवशी, बॅग दारात ठेवून, वीस मिनिटांत तुमचे दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिले. "आता तो पेन ड्राइव्ह कपाटात टाका," असं वर ऐकवलं आणि पळाले. फोनवरचं बोलणं फोनबरोबर जातं, म्हणून हे लिहिते आहे. छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आधी फोटोंचं. आई, तू विचारलंस, "मी माझ्याकडचे काढले, मग यांच्याकडचे कसे गेले?" तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, उत्तर मी द्यायला हवं होतं. तुझ्या लॅपटॉपवर 'झेड' नावाचा जो ड्राइव्ह दिसतो, तो तुझ्या लॅपटॉपमध्ये नाहीच. ती बाबांच्या कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरला पाडलेली खिडकी आहे. तू तिथला फोटो बघतेस तेव्हा बाबांच्या डिस्कवरचाच फोटो बघतेस, आणि काढून टाकतेस तेव्हा त्यांच्याच डिस्कवरून काढतेस. दोन प्रती कधी नव्हत्याच. शिवाय नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ना तुझ्या, ना बाबांच्या. ती थेट जाते. "कायमचं काढायचं का?" असं त्याने विचारलं असणार आणि तू 'हो' दाबलं असणार. सगळेच दाबतात. मीही दाबते.

यात तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी. घाईत मी त्या फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन ठेवलं होतं. म्हणजे जो आत येईल त्याने काहीही करावं. काम लवकर होतं म्हणून मी तसं केलं. आणि बाबा, तुम्ही माझं न ऐकता पेन ड्राइव्ह खिशातच ठेवलात, म्हणून तर सदतीस सोडून बाकी सगळे फोटो परत मिळाले. मी त्या पेन ड्राइव्हची इतकी टिंगल केली, आता कोणत्या तोंडाने बोलू?

तेव्हा आता असं करा. बाबा, हे तुमच्या कॉम्प्युटरवर करायचं आहे. 'डी' ड्राइव्हवरच्या फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'शेअरिंग', त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग' आणि 'परमिशन्स'. तिथून 'एव्हरीवन' काढून टाका, मी केलेलं 'आई' हे खातं घाला आणि फक्त 'रीड'वर खूण ठेवा. आता आईला सगळे फोटो दिसतील, तिच्या लेखात घेता येतील, पण मूळ फोटो हलणार नाहीत. मग त्याच ड्राइव्हवर 'देवघेव' नावाचं दुसरं फोल्डर करा, तेही शेअर करा आणि तिथे 'आई' खात्याला 'चेंज'सुद्धा, म्हणजे बदलायची नि पुसायची मुभाही, द्या. एकमेकांना काही द्यायचं तर ते तिथे टाकायचं. तिथलं काही गेलं तरी जीव जाणार नाही, असंच तिथे ठेवा.

तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून ठेवते: प्रॉपर्टीजच्या त्याच चौकटीत 'सिक्युरिटी' नावाचा आणखी एक कप्पा आहे, तिथेही परवानग्या आहेत. ही दोन कुलपं समजा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघडावी लागतात, आणि दोन्हींत जे जास्त कडक असेल तेच चालतं. शेअरिंगमध्ये सगळं खुलं करूनही 'परवानगी नाही' आलं, तर अडचण दुसऱ्या कुलपाची असते.

आता 'दिसत नाही'चं. तुमचे निम्मे फोन याच एका वाक्याने सुरू होतात.

बाबा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "इंटरनेट गेलंय, म्हणून फायली दिसत नसतील." नाही. इंटरनेट गेलं तरी तुमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात. त्यांना फक्त मधला राउटर चालू लागतो. या खोलीतून त्या खोलीत हाक मारायला टेलिफोन लागतो का? तसंच. खरं कारण वेगळंच निघालं होतं: तुमचा कॉम्प्युटर झोपला होता. पडदा काळा झाला की तो नुसता पडदा असतो, पण अर्ध्या तासाने कॉम्प्युटरच झोपतो, आणि झोपलेला आईच्या लॅपटॉपला ओ देत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप'ला 'नेव्हर' करा, पडदा खुशाल बंद होऊ दे.

दुसरी भानगड आईच्या लॅपटॉपची. पाहुण्यांसाठी मी वायफायचं वेगळं नाव करून दिलं होतं. आई, कुणाला तरी पासवर्ड चालतो का ते दाखवायला तू एकदा लॅपटॉप त्यावर जोडलास आणि तो तिथेच राहिला. पाहुण्यांच्या वायफायला राउटर मुद्दामच घरच्या कॉम्प्युटरांपासून लांब ठेवतो. त्यामुळे इंटरनेट छान चालतं आणि बाबांचा कॉम्प्युटर मात्र जगातून नाहीसा झाल्यासारखा वाटतो. घरच्या वायफायवर या आणि पाहुण्यांच्या नावापुढे 'फर्गेट' करून टाका.

तेवढ्यानेही झालं नाही, तर नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते बघा. नवं नेटवर्क दिसलं की विंडोज ते परक्याचं समजून कडी लावून घेतं. घरच्या नेटवर्कला दोन्ही कॉम्प्युटरवर 'प्रायव्हेट' करा. आणि बाबा, ते 'होमग्रुप', म्हणजे घरातले कॉम्प्युटर जोडायची विंडोजची जुनी सोय, शोधणं आता सोडा. विंडोज ७मध्ये होतं खरं, सोपंही होतं, पण २०१८मध्ये विंडोज १०मधून काढून टाकलं. तुम्ही चुकीच्या जागी शोधत नव्हतात, ते राहिलेलंच नाही.

नाव-पासवर्ड विचारला की आई लॅपटॉपचा चार आकडी पिन घालते आणि तो नाकारला की रागावते. पिन फक्त ज्या कॉम्प्युटरवर केला तिथेच चालतो, नेटवर्कवरून नाही. इथे 'आई' खात्याचं नाव आणि त्याचा लांबलचक पासवर्ड घालायचा, आणि खाली 'लक्षात ठेव'वर खूण करायची. म्हणजे रोज विचारणार नाही. खात्याचा पासवर्ड लांब आहे म्हणून तो काढून रिकामा ठेवायची युक्ती करू नका. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

'झेड' अगदीच रुसला, तर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच पुढे बाबांच्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करून एंटर मारा. नावच लिहा. कुणी १९२.१६८ने सुरू होणारा आकडा लिहायला सांगेल, तोही चालतो, पण राउटर तो आकडा अधूनमधून बदलतो. आज चाललेलं उद्या चालणार नाही आणि मला फोन येईल.

आणखी एक. कुणीतरी बाबांना सल्ला दिलाय, 'एसएमबी वन' चालू करा आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला दारात अडवणारा पहारेकरी) बंद करा, लगेच दिसेल. दिसेल, पण करू नका. एसएमबी म्हणजे विंडोजचे कॉम्प्युटर फायलींची देवाणघेवाण करताना जी भाषा बोलतात ती. 'वन' ही तिची जुनी बोली. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच जुन्या बोलीतल्या भोकातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तुमचे दोन्ही कॉम्प्युटर नवी बोली बोलतात. जुनी जागी करायचं काही कारण नाही.

बाबा, जुन्या व्हिडिओंना इतका वेळ का लागला, त्याचं उत्तर सापडलं. हे तुम्हाला आवडेल. त्या ४० जीबीसाठी तुम्ही केबल लावलीत, ते बरोबर केलंत, तरी तास गेला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० मेगाबिटच्या वेगाला चारही लागतात, १००च्या वेगाला दोन पुरतात. टेबलाच्या पायाखाली चेपलेल्या तुमच्या त्या केबलची एखादी तार तुटली असणार. राउटर आणि कॉम्प्युटर कुरकुर न करता १००वर उतरतात आणि आपल्याला कळतही नाही. १०० मेगाबिटला ८ने भागा, सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट. आता ४० जीबीचा हिशोब तुम्हीच करा. दुसरी केबल लावली तर तेच काम सहा-सात मिनिटांत व्हायला हवं. करून बघा आणि मला वेळ कळवा.

आईचा लेख तिच्याकडे उघडा असताना तुम्ही तो उघडलात की 'फक्त वाचता येईल' असं येतं. ते बिघडलेलं नाही. दोघांनी एकाच पानावर एकदम लिहू नये म्हणून केलेली सोय आहे. तिला फाइल बंद करायला सांगा. ओरडून सांगितलं तरी चालेल, खोल्या शेजारीच आहेत.

पेन ड्राइव्ह राहू द्या. फक्त आता त्याचं काम वेगळं. शेअर केलं म्हणजे जपून ठेवलं असं नाही, हे आपण सदतीस फोटो घालवून शिकलो. दर रविवारी फोटो आणि आईचे लेख त्यावर उतरवायचे आणि काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. लावून ठेवायचा नाही, कारण कॉम्प्युटरवर काही संकट आलं तर लावलेल्या पेन ड्राइव्हवरही येतं. आणि आई, 'लेख नवीन', 'लेख नवीन २', 'लेख शेवटचा', 'लेख खरंच शेवटचा' यातला कुठला खरा ते आता ठरव. बाकीचे तूच काढ. या वेळी नीट बघून.

ते सदतीस फोटो पुन्हा स्कॅन करताना मागची बाजूही करा. बाबांनी पेन्सिलने तारखा लिहिल्या आहेत, त्या पुसट होत चालल्यात. पहिल्या वेळी मागची बाजू आपण कुणीच केली नव्हती.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, सगळे पासवर्ड लिहिलेली फाइल तू 'झेड'वरच ठेवली आहेस. मागच्या खेपेला मी पाहिली. ज्या दाराची किल्ली आहे, त्याच दाराच्या आत ठेवलीस तर उघडायचं कसं? कागदावर लिही आणि पेन ड्राइव्हच्या ड्रॉवरमध्ये टाक.