हाडे धुण्याआधी डीएनएसाठी नमुना काढा

मा. संपादक,

प्राचीन डीएनएच्या निष्कर्षांवर वर्तमानपत्रांत हिरिरीने वाद होतात, पण ते निष्कर्ष किती तुटपुंज्या ऐवजावर उभे असतात, हे वाचकांपर्यंत क्वचितच पोचते. हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचेच घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले गेले. कामाचा डीएनए मिळाला एकाच स्त्रीचा, तोही प्रयोगशाळेत शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून.

आपल्याकडची उष्णता आणि दरवर्षी भिजून वाळणारी माती यांमुळे डीएनएचे बारीक तुकडे पडतात. त्यावर इलाज नाही. हाड जमिनीबाहेर आल्यानंतरचे नुकसान मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि तिथेच हयगय होते. उघड्या हातांनी हाड उचलले, त्यावर कुणी बोलले किंवा शिंकले, की आजच्या माणसाचा डीएनए त्यात मिसळतो. नळाच्या पाण्याने धुतले की ओल आणि जंतू सच्छिद्र हाडात खोल शिरतात. मजबुतीसाठी डिंक किंवा रसायन लावले तर पुढे डीएनए वेगळा करणे अवघड होऊन बसते.

करायचे ते फार खर्चिक नाही. कवटी दिसू लागताच हातमोजे व मास्क घालावेत आणि मोजे वारंवार बदलावेत. आतल्या कानाभोवतीचे हाड शरीरात सर्वांत घट्ट. डीएनए टिकला असेल तर तिथे सापडण्याची शक्यता अधिक. फोटो आणि मोजमापे घेऊन, एका बाजूचे हे हाड न धुता कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावे, उन्हापासून दूर, शक्यतो फ्रीजमध्ये. दुसऱ्या बाजूचे पुढच्या पिढीसाठी अखंड राखावे. चूर्ण केलेले हाड परत मिळत नाही. खड्ड्यात उतरलेल्या प्रत्येकाच्या नावाची नोंद हवी, म्हणजे मिसळ झाली तर शोधता येते.

पुणे जिल्ह्यातील इनामगावला ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने मातीच्या कुंभांत मिळाली. असा कुंभ पुढे कुठे सापडला तर तो जागेवर रिकामा करू नये. मातीसकट उचलून आत न्यावा. कोवळी हाडे मातीतून सुटी करतानाच चुरतात.

उत्खननाचा परवाना देताना ही कार्यपद्धती सक्तीची करावी आणि विद्यापीठांनी ती क्षेत्रकार्याच्या गुणांना जोडावी. वर्तमानपत्रांनाही एक विनंती: डीएनएच्या बातमीत किती नमुने तपासले आणि कितींतून उत्तर मिळाले, हे दोन आकडे न चुकता छापावेत.

– पुरातत्त्वशास्त्राचे एक अध्यापक, पुणे