दिगू, फेब्रुवारीत चल

पैठण,
मार्गशीर्ष

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सुमनने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग रात्री जेवणं होईपर्यंत आमच्या दोघांच्या तोंडी तूच होतास. लिहितोस, निवृत्त होऊन शाळा सुटल्यापासून दुपार सरत नाही, पेपर दोनदा वाचून होतो, गुडघे दुखतात म्हणून संध्याकाळचं फिरणंही बंद केलंय. आणि अगदी शेवटी विचारतोस, 'तुम्ही दोघं सारखे समुद्राकडे जाता, तिथं नेमकं करता तरी काय?' हे फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

पहाटे पक्षी बघतो. ऊन वर आलं, भरती-ओहोटीची वेळ जमली की पाण्यात तोंड घालून मासे आणि प्रवाळ बघतो. संध्याकाळी दोघं मिळून वहीत लिहून काढतो. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने आमचं म्हातारपण भरून गेलंय रे.

पक्ष्यांचं वेड इथलंच, नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं. 1965 साली शास्त्रीजींनी या धरणाची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिराबाई उद्घाटनाला आल्या, हे आपण वर्गात शिकवायचो. पण धरणाचं पाणी उथळ, काठ सपाट, आणि पाणी ओसरायला लागलं की कोसभर चिखल उघडा पडतो, त्या चिखलात पक्ष्यांचं पोट भरतं, हे नोकरीत असताना कधी नीट बघितलं नव्हतं. 1986 पासून हे अभयारण्य आहे. आत्ता ये, सोनेवाडीच्या बाजूला पट्टकादंब उतरलेत. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या हरभऱ्याच्या कडेला चरत बसतो. चक्रवाक आहेत, शेकाटे आहेत, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आहेत. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले की सुमन स्वयंपाक टाकून निघते. रोहिताचं खाणं दुर्बिणीतून एकदा बघच. मान खाली सोडून चोच चक्क उलटी धरतो, वरचा भाग खाली, आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत चिखलातलं बारीक शेवाळ नि किडे गाळून घेतो.

पक्षी बघणाऱ्या लोकांत ऊठबस सुरू झाली की अंदमानचं नाव निघतंच. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत असे वीसहून अधिक जातींचे पक्षी त्या बेटांवर आहेत. आम्ही गेलो ते त्यांच्यासाठी. समुद्राच्या पोटात शिरायचं आमच्या मनातही नव्हतं, आणि तिथेच सगळं बदललं. त्यात सगळा वाटा सुमनचा.

तुला आठवतं ना, आपण पोहायला कसे शिकलो? पाठीला पत्र्याचा डबा नाही तर सुका भोपळा बांधायचा आणि थोरल्याने विहिरीत ढकलून द्यायचं. उन्हाळ्याची सुटी म्हणजे मोटेच्या विहिरीवर. सुमनच्या माहेरीही मोठी दगडी विहीर होती. तिचे तिन्ही भाऊ त्यात दिवसभर डुंबायचे आणि ही पायरीवर बसून त्यांचे कपडे राखायची. पोरीच्या जातीने विहिरीत उतरायचं नाही, विषय संपला. मला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एलिफंट बीचवर आम्ही नुसते बसलो होतो. तिथला पोरगा सगळ्यांना विचारत फिरत होता, स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यात तोंड घालून खाली बघणं, करणार का. मी नको म्हणेपर्यंत ही उभी राहिली आणि म्हणाली, 'मला पोहता येत नाही. चालेल?' तो म्हणाला, 'चालतंय मावशी, जॅकेट तरंगवतं, रिंग धरायची, मी हात सोडत नाही.'

पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. मास्क लावला. नळीचं टोक दातात धरलं. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. नाक बंद असताना तोंडाने श्वास घ्यायचा, हे शरीराला पटतच नाही. दुसऱ्यांदा थोडं जास्त. मग एकदा ती खाली बघत राहिली ती राहिलीच. नळीतून तिचा श्वास मला किनाऱ्यावर ऐकू येत होता, आधी भराभर, मग सावकाश, मग झोपल्यासारखा संथ. बाहेर आली तेव्हा गालांवर मास्कचे वळ होते आणि पहिलं वाक्य काय, तर 'अहो, खाली गाव आहे!' मग मीही उतरलो. मला पट्टीचं पोहता येतं खरं, पण पाण्याखाली जास्त वेळ शांत राहणं तिलाच जमतं. आजही ती माझ्याआधी मासा ओळखते.

आता खाली काय असतं ते सांगतो. पाण्यात सगळं एकतृतीयांशाने मोठं दिसतं आणि जवळ भासतं, त्यामुळे आधी हात लांबवावासा वाटतो. लांबवायचा नाही. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत असतं. बारीक बारीक प्राण्यांची वसाहत, आणि प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, प्राण्याला देतं, रंगही त्याचाच. त्यावर पाय ठेवला तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते. तुटलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

पहिल्यांदा कान टवकारले ते कुरकुर आवाजाने. कुणीतरी कडक खारी चावतंय असा आवाज. तो पोपटमासा. हिरवा-निळा-गुलाबी, तोंड पोपटाच्या चोचीसारखं. प्रवाळाचा पृष्ठभाग दातांनी खरवडतो, शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना वाळू करून मागे सोडतो. आपण ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर फोटो काढतो, त्यातली बरीचशी वाळू याच्या पोटातून आलेली असते. तो ती सोडतो तेव्हा मागे पांढरा धूर निघाल्यासारखं दिसतं. सुमनने मला कोपराने ढोसून ते दाखवलं.

पुढे एका खडकावर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, होतं, बोटाएवढ्या शेकडो शुंडा हलत होत्या. इतर माशांना त्यांचा दंश होतो, पण नारिंगी-पांढरा क्लाउनफिश त्यातच संसार मांडतो. सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, बाकी बारके नर. मादी मेली तर तिचा नरच मादी होतो आणि उरलेल्यातला एक त्याची जागा घेतो. सुमन दोन दिवस याच्यावर विचार करत होती. तिथून जवळच महाकाय शिंपला होता, अर्धवट उघडा, आतली किनार निळी-जांभळी मखमली. आमची सावली पडली तसा हळूच मिटला.

आणि पक्षी? पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला चिडिया टापू म्हणून जंगलाचा भाग आहे. (शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय, तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतील.) अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, पण सूर्य पैठणपेक्षा तासभर आधी उगवतो, त्यामुळे पक्ष्यांसाठी फार लवकर उठावं लागतं. अंधारात झाडीतून घुमल्यासारखा खोल आवाज आला. सुमन म्हणाली, 'भारद्वाज.' अगदी आपल्या बांधावर घुमतो तसा. उजाडलं आणि पक्षी समोर आला तर डोकं, अंग, सगळं फिकं तपकिरी! आपल्या भारद्वाजाचं काळंभोर अंग नाही, फक्त पंख तेवढे तांबूस. अंदमानचा तो वेगळाच भारद्वाज. तिने डोळ्यांनी बघण्याआधी कानाने घराणं ओळखलं होतं. त्याच फेरीत लाल तुऱ्याचा काळा सुतारपक्षी दिसला, टकाचोराचा तिथला भाऊबंद दिसला, आणि एक सर्पगरुड बराच वेळ आमच्याकडे मान वाकडी करून बघत बसला.

पुढच्या वाऱ्या सविस्तर लिहीत नाही, नाही तर टपाल जड होईल. श्रीलंकेत सिंहराजाच्या पावसाळी जंगलात गेलो, 1988 पासून ते जागतिक वारशात आहे. तिथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळी करून फिरतात; जंगल अर्धा तास मुकं असतं आणि मग एकदम सगळीकडे पंखच पंख. जळवांसाठी गुडघ्यापर्यंत कापडी मोजे घालावे लागतात. मग पूर्व किनाऱ्याला त्रिंकोमालीजवळ पिजन आयलंडला, जिथे काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यातून फिरतात. माणसाला काही करत नाहीत, पण तरी सुमनने माझं मनगट धरून ठेवलं होतं. केरळात तट्टेकाडला बेडूकतोंड्या पक्ष्याची जोडी बघितली, वाळक्या पानांसारखी एकमेकाला चिकटून बसलेली. वाटाड्याने बोट दाखवलं तरी आम्हाला ती दिसेना.

लक्षद्वीपचं मात्र लिहायलाच हवं, कारण ते तुझ्या लातूरशी जोडलेलं आहे. तिथल्या एका खाजणात, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात, आम्ही उतरलो. वरून पाणी हिरव्या काचेसारखं आणि खाली जागोजागी प्रवाळाचे सांगाडे, करड्या शेवाळाने माखलेले. मासे होते, पण ती रंगांची झुंबड नव्हती. बरोबरच्या स्थानिक माणसाने सांगितलं, 1998, 2010, 2016 असं दर काही वर्षांनी पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरं पडलं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. रंग जातो, अन्न जातं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर मरतं.

2016 म्हटल्यावर मला तू आठवलास. दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले होते, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. इथे नाथसागराचं पात्र भेगाळलं होतं. तिकडे प्रशांत महासागर तापला होता, एल निनो. त्यानेच आपला पाऊस ओढून धरला आणि त्यानेच लक्षद्वीपचं प्रवाळ भाजलं. तू ज्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभा होतास, त्याच उन्हाळ्यात ती वसाहत पांढरी पडत होती. हे कळलं तेव्हा पाण्यातून वर येऊन मी होडीच्या काठावर बराच वेळ बसून राहिलो. 2024 मध्ये पुन्हा जगभर तसंच झालं आणि लक्षद्वीपलाही फटका बसला. म्हणून मला हे 'कधीतरी बघू'वर ठेवायचं नाही, दिगू. तूही ठेवू नकोस.

आता तुझ्या शंका. गुडघे: पाण्यात अंगाचं ओझंच उरत नाही. जमिनीवर जिना चढताना सुमन कण्हते, पाण्यात तिला गुडघे आहेत हे आठवतही नाही. मात्र येण्याआधी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब आणि हृदय तपासून घे, ते न करता पाण्यात उतरायचं नाही. खर्च: आम्ही साध्या लॉजवर राहतो, सरकारी बोटी वापरतो, खरेदी करत नाही. पेन्शनीत बसतं. चष्मा: नंबरचे मास्क मिळतात, तुझा नंबर कळव, मी मागवतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढायचा. तसाच चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. तुझ्या मिशा मात्र आड येणार, तिथून पाणी झिरपतं. वरच्या ओठावर व्हॅसलीन लाव, माझं त्यावर भागतं. लाटांची भीती वाटत असेल तर घरीच मोठ्या घंगाळात पाणी भरून नळीने श्वास घ्यायची सवय कर. वहिनींनाही करायला लाव. त्यांना पोहता येत नाही हे कारण आमच्या घरात चालणार नाही!

दुर्बीण घेणार असशील तर 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, घे. दुकानदार वीस पटीची दाखवेल. ती हातात थरथरते, पक्षी सापडत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आण, उन्हासाठी क्रीम फासण्यापेक्षा तो बरा, क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, जॉली बॉय बेटावर तर त्या नेऊच देत नाहीत.

बेत असा आहे. जानेवारीत संक्रांतीनंतर तुम्ही दोघं इकडे या. आठवडाभर राहा, पहाटे नाथसागरावर जाऊ, दुर्बिणीचा हात बसू दे. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, तेव्हा हैदराबादेहून विमानाने अंदमान. तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडतील, म्हणून उत्तराला उशीर करू नकोस. आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख दोघांचीही पाठव, आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा की दुसरा, तेही लिही. त्या महिन्यात तुमच्याकडे लग्न वगैरे असेल तर आत्ताच सांग.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा. सुमन म्हणते, वहिनींना वेगळं पत्र ती स्वतः लिहिणार आहे.

तुझा,
मधू