निविदेत नुसते ‘जेसीबी’ लिहून भागणार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा ओसरून जमीन वाळू लागली की आपल्याकडे पंचायती आणि पालिका गटारे, जलवाहिन्या व संरक्षक भिंतींची कामे हाती घेतात. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक निविदांत खोदाईच्या रकान्यात ‘जेसीबी, प्रतितास’ एवढेच शब्द असतात. जेसीबी म्हणजे पुढे माती उचलणारी बादली आणि मागे खोदणारा हात असलेले बॅकहो लोडर. ते लहान कामांसाठी अतिशय सोयीचे यंत्र आहे, याबद्दल दुमत नाही; पण ते कसले हवे हे कोणी लिहीतच नसल्यामुळे त्या दिवशी जे मोकळे असेल तेच कामावर येते. उमेदीची सगळी वर्षे बांधकामांवर देखरेख करण्यात गेल्यामुळे याविषयी कळकळीने लिहावेसे वाटते.

फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर जलवाहिनीसाठी चर खोदताना पाहिला. वाहिनी जेमतेम सहा इंची आणि यंत्राला चढवलेली बादली मात्र ९० सेंटीमीटर रुंदीची! १०० मीटर लांब व १.२ मीटर खोल चर ६० सेंटीमीटरच्या बादलीने खोदला तर ७२ घनमीटर माती निघते, ९० सेंटीमीटरच्या बादलीने १०८ घनमीटर. ही जादा ३६ घनमीटर माती काढायची, रस्त्याकडेला रचायची, परत चरात भरून ठोकून दाबायची आणि वर दीडपट रुंदीचे डांबर घालायचे, हा सगळा खर्च शेवटी ग्रामस्थांच्याच पैशांतून होतो. शिवाय भरणी नीट दाबली गेली नाही, तर पहिल्याच पावसात रस्ता तेवढ्याच रुंदीने खचतो. पिना काढून अरुंद बादली चढवणे हे काही अवघड काम नव्हे. ती यंत्रासोबत आणायला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

यंत्र घेताना किंवा भाड्याने ठरवताना चर्चा होते ती अश्वशक्तीची. माझ्या मते गोव्यात आधी वाट मोजली पाहिजे. नेहमीच्या बॅकहो लोडरची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन साडेसात-आठ टन, आणि आपल्या वाड्यांवरच्या वाटा दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या कुंपणांत आवळलेल्या. काही यंत्रांचा मागचा हात मधोमध बसवलेला असतो आणि खोदताना आधाराचे पाय तिरके बाहेर फाकतात. ते अशा वाटेत उघडतच नाहीत, किंवा कुंपणाच्या पायावर टेकतात. दुसऱ्या प्रकारात हात आडव्या चौकटीवर डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि पाय सरळ खाली उतरतात, त्यामुळे भिंतीला अगदी लागून चर काढता येतो. अरुंद वाड्यांसाठी हाच प्रकार घ्यावा, मग इंजिनाची ताकद थोडी कमी असली तरी चालेल.

जमिनीचेही तसेच. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या पठारावरचा) जांभ्याचा वरचा थर इतका टणक असतो की नुसत्या बादलीने ओरबाडत बसल्यास दात झिजतात आणि तासांचे बिल वाढते. तिथे ब्रेकर (कातळ फोडणारा यांत्रिक हातोडा) लागतो, आणि तो चालवण्यासाठी यंत्रावर हायड्रॉलिक तेलाची स्वतंत्र वाहिनी असावी लागते. कातळ मोठा असेल तर पोकलेनच (पट्ट्यांवर चालणारे मोठे खोदयंत्र) बोलवावे. उलट दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजनांत (खाडीकाठच्या सखल, चिखलट शेतजमिनींत) चाकांचे यंत्र उतरवणे म्हणजे ते रुतवणेच. तिथे रुंद पट्ट्यांवर चालणारे पोकलेन हवे. डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यांना नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ लागू होते, त्यामुळे परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र जागेवर आणू नये.

जुने यंत्र विकत घेणाऱ्या आमच्या लहान कंत्राटदारांनाही एक सांगावेसे वाटते. मीटरवरच्या तासांवर विसंबू नका. पुढची बादली भरून वर उचला, इंजिन बंद करा आणि कोणालाही खाली उभे राहू न देता दहा मिनिटे थांबा. बादली खाली सरकू लागली, तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्हमधून तेल गळते आहे असे समजावे. मग मागची बादली जमिनीला टेकवून हात हळूच हलवून पाहा. सांध्यांतल्या पिना खडखडत असतील, तर नवा रंग कितीही चकचकीत असो, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय सौदा करू नये.

पंचायतींना व पालिकांना माझी विनंती आहे की निविदेत बादलीची रुंदी, लागणारी खोली, हात सरकता हवा की नको आणि ब्रेकर लागेल का, हे जागा पाहून स्पष्ट लिहावे. बिलही तासांवर न देता घनमीटरवर द्यावे, मात्र मोजणी आराखड्यातल्या रुंदीनुसार व्हावी, प्रत्यक्षात खोदलेल्या रुंदीनुसार नव्हे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, फोंडा