ट्रॅक्सवाला आठवतो का?

चिपळूण, गणपती गेल्यावर

बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सहा महिने फोन केला नाही त्याच्या शिव्या नंतर दे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर बरी म्हणायची. फोनवर हे सांगितलं असतं तर तू हसत सुटला असतास, म्हणून लिहितोय.

गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईचा एक चाकरमानी आपल्या टायरच्या दुकानावर आला, गुहागरकडे चालला होता. हायवेच्या खड्ड्यात पुढच्या चाकाच्या अलॉय रिमची आतली कड दबलेली, बाहेर गाड्यांची ही रांग, तुला माहितीय त्या दिवसांत आपल्याकडे काय असतं ते. रिम जॅकवर घेऊन मीच सरळ केली, टायर चढवला, वजन लावून बॅलन्सिंग करायचं ते दुकानातल्या पोराकडे दिलं. १२०० रुपये घेतले. दोन दिवसांनी त्याचा फोन, सत्तरच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतंय. आणि मी काय बोललो असेन? म्हटलं, साहेब रस्ता बघा की, परत कुठे आपटली असेल, मी काय रस्त्याची गॅरंटी देतो का! फोन ठेवला आणि मोदक खाल्ले. खरंच खाल्ले रे.

गौरी गेल्यावर तो परत आला तो मोबाईलवर शूटिंग करतच. म्हणे तुम्ही रिमला तडा पाडलात, नवी रिम द्या. चारपाच गिऱ्हाईकं उभी, चहावालाही थांबला. माझं डोकं फिरलं होतं, पण चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवलं, सगळ्यांसमोर गोल फिरवलं, एक बुडबुडा नाही. टायर काढून रिम उजेडात धरली, तडा नाही. तो जरा मऊ पडला. इथेच थांबलो असतो तर जिंकलो होतो.

पण रिम पालथी केली आणि दिसलं. बॅलन्सिंगचं चिकटवायचं वजन गायब, आणि त्या जागी टेपचा चौकोन, त्यावर आपली लाल माती. पोराने रिम पुसलीच नव्हती, मातीवरच वजन चिकटवलं होतं. मशीनवर लावलं, आतल्या बाजूला ३५ ग्रॅम कमी दाखवतंय. (मशीन नवंच आहे, जुनं २०२१ च्या पुरात गेलं, हप्ते अजून चालू.)

आणि बाळ्या, तेव्हा मला तो ट्रॅक्सवाला आठवला. त्याच्या चाकाचे नट आपल्याकडून ढिले राहिले म्हणून तू न विचारता गल्ल्यातून पैसे काढून त्याच्या हातात दिलेस, आणि मी तुला दानशूर कर्ण म्हणून आठ महिने तोंड दाखवलं नाही. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये, विचारायला हवं होतंस मेल्या, निम्मा गल्ला माझा होता.

तर मी १२०० काढून दिले. म्हटलं वजन आमच्या चुकीने पडलं, चारही चाकं फुकट बॅलन्स करतो, पण रिम नवी मिळणार नाही, ती खड्ड्यानेच वाकली होती. त्याने ऐकलं, मोबाईल खिशात घातला, आणि जाताना शांतपणे विचारलं, "मग त्या दिवशी फोनवर असं का बोललात?"

बस, तेवढंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार रात्री तेच चाललंय डोक्यात. कॅमेरा नसता तर मी रिम पालथी केली असती का? हिला विचारलं तर म्हणते झोपा.

त्यात पोराला सगळ्यांसमोर झापलं. चूक त्याची खरी, पण वजन लावलं त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो जेवलाही नव्हता आणि मीच ओरडत होतो, आटप, आटप. कालपासून आला नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येतो, काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

तुझ्या मुलीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार, फ्लॅटचं बघ काय ते. आंबापोळी पाठवली आहे, त्यातली निम्मी शेजाऱ्यांना वाटत बसू नकोस.

आणि तो नट आवळायचा टॉर्कचा पाना तुझ्याकडेच आहे, मी विसरलेलो नाही. येताना घेऊन ये.

तुझा
भाई