पांगच्या तंबूतून पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मनाली ते लेह या मार्गावरच्या सायकल सफरीतला आमचा सर्वांत लांबलेला दिवस आज संपला. सकाळी सरचू सोडले आणि नकी ला व लाचुलुंग ला या दोन खिंडी ओलांडून अंधार पडण्याच्या बेताला पांगला पोहोचलो.

सरचूनंतर त्सरप नदीच्या कडेने जाणारा रस्ता बराचसा सपाट असल्याने आम्ही एका रांगेत, गप्पा मारत चाललो होतो. गाटा लूप्सचा चढ लागला आणि रांग पाहता पाहता विस्कटली. एकामागून एक अशी २१ वळणे तिथे आहेत. वरच्या वळणावरून खाली पाहिले की मागचे सोबती दिसतात, पण हाक मारण्याइतका श्वास कोणाकडेच उरलेला नसतो. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने सायकल चालवली की वाऱ्याचा मार चुकतो, हे तुला सांगायला नको. ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने चढताना मात्र त्या आडोशाला काही अर्थ राहत नाही. सगळे बळ वजन वर ओढण्यातच खर्ची पडते, आणि दुसऱ्याच्या लयीत पॅडल मारू गेलेला हमखास धापा टाकत थांबतो. म्हणून ज्याने त्याने आपला गिअर धरला आणि आपापल्या गतीने चढत राहिला.

नकी ला सुमारे ४,७४० मीटर उंचीवर आहे. ती गाठल्याचा आनंद फार टिकत नाही, कारण पलीकडे रस्ता लगेच व्हिस्की नाल्याकडे उतरतो आणि घाम गाळून कमावलेली उंची डोळ्यांदेखत जाते. मला तरी चढापेक्षा हा उतारच अधिक जाचला.

नाल्यापाशी सगळे पुन्हा एकत्र जमलो. आमच्यातला सर्वांत दमदार गडी तिथे खाली मान घालून बसला होता. डोके दुखते का, असे विचारल्यावर ‘ऊन लागले असेल’ म्हणाला, खाणे नाकारले आणि थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. पुढची खिंड ५,००० मीटरच्या वर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. विरळ हवेचा त्रास दमदार माणसालाही सोडत नाही. उलट असा माणूस घाईने चढतो आणि त्रास लपवतो. तो पुढे येण्याचा हट्ट धरून बसला होता, पण आम्ही त्याचे काही ऐकून घेतले नाही. आमच्यातल्या डॉक्टर मैत्रिणीने त्याला गाडीत बसवले आणि स्वतः सोबत जाऊन सरचूला खाली नेले. एकटा असता तर तो नक्कीच वर चढला असता.

लाचुलुंग लाच्या चढावर गाडीने आम्हाला पुन्हा गाठले. खाली उतरल्यावर त्याची डोकेदुखी ओसरली, हे चालकाकडून कळल्यावर सगळ्यांनाच हायसे वाटले. खिंडीपलीकडचा उतार वाऱ्याने कोरलेल्या कड्यांमधून जातो. तो पाहण्यासारखा आहे खरा, पण खडी इतकी होती की माझे लक्ष ब्रेकवरच खिळले होते.

उद्या मोरे मैदान आहे. सुमारे ४० किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता आणि दुपारनंतर सुटणारा वारा, म्हणजे पुन्हा एका रांगेत चालवावे लागेल. रांगेतल्या दोन जागा रिकाम्या आहेत. ते दोघे उद्या थेट पांगला येतील की सरचूलाच आणखी एक रात्र काढतील, हे त्याच्या प्रकृतीवर ठरेल. लेहला पोहोचताच कळवतो.

तुझा मित्र