बीबीसी मायक्रोला आधी त्याचाच असेंब्लर

संपादक महोदय,

जुन्या घरगुती संगणकांवर आज पुन्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. त्यातल्या एका सल्ल्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. बीबीसी मायक्रो या १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकावर असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा) शिकायची तर लॅपटॉपवर सीए६५ हा आधुनिक असेंब्लर उतरवून घ्या, मशीनच्या बेसिक भाषेतल्या असेंब्लरच्या, म्हणजे त्या सूचनांची यंत्रभाषा करणाऱ्या सोयीच्या, नादी लागू नका, असे लेखात म्हटले आहे. नवशिक्याने नेमके याच्या उलट करायला हवे.

हे मशीन आपल्याला परके नाही. १९८४ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. आमच्या शाळेतल्या संगणक खोलीची किल्ली विज्ञान शिक्षक म्हणून माझ्याकडे असे. आता निवृत्तीनंतर दुरुस्त करून घेतलेल्या एका मॉडेल बी बीबीसी मायक्रोवर मी सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना शिकवतो. पुढचे सगळे त्याच अनुभवावरून लिहीत आहे.

त्या काळात बऱ्याच घरगुती संगणकांसाठी असेंब्लर वेगळा विकत घ्यावा लागे आणि दर वेळी कॅसेटवरून चढवावा लागे. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बीबीसी बेसिकमध्ये तो रॉममध्येच, म्हणजे मशीनच्या कायमच्या मेमरीत, बसवलेला होता. बेसिकच्या ओळी लिहिता लिहिता चौकटी कंस उघडायचा, ६५०२ प्रोसेसरच्या सूचना लिहायच्या, कंस मिटवायचा आणि पुन्हा बेसिकमध्ये यायचे. तयार झालेली यंत्रभाषा ‘कॉल’ने चालवायची. लेबल, म्हणजे कोडमधल्या एखाद्या जागेला दिलेले नाव, हे बेसिकचे साधे व्हेरिएबलच. त्यामुळे कोणते लेबल कुठल्या पत्त्यावर बसले हे प्रिंट करून लगेच बघता येते. विल्सन यांनी पुढे एआरएम प्रोसेसरच्या सूचनासंचाचे पहिले सिम्युलेशनही बीबीसी बेसिकमध्येच केले. बहुतेक वाचकांच्या खिशातला मोबाइल आज एआरएमवरच चालतो, म्हणून हा उल्लेख.

आता वर्गात काय होते ते सांगतो. पहिला प्रोग्रॅम तीन ओळींचा: एलडीए हॅश ६५ (‘ए’चा क्रमांक ६५ प्रोसेसरमध्ये घ्या), मग हेक्स एफएफईई या पत्त्यावर जेएसआर (तिथला अक्षर छापणारा कोड चालवून परत या), मग आरटीएस (बेसिककडे परत जा). पडद्यावर इंग्रजी ‘ए’ उमटतो. पण मी मुलांना तो चालवण्याआधी यादी वाचायला लावतो. ‘ऑप्ट ३’ दिला की असेंब्लर प्रत्येक ओळीचा पत्ता, त्यासमोर तयार झालेले बाइट आणि शेवटी आपली मूळ ओळ छापतो. एलडीए हॅश ६५ समोर ए९ ४१ दिसते; यादी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकांत असते आणि ६५ चे हेक्स ४१. जेएसआरसमोर २०, ईई, एफएफ. गेल्या सुट्टीत एका मुलीने लगेच विचारले, “सर, आपण एफएफ आधी लिहिलं होतं, इथे ईई आधी कसं?” ६५०२ पत्त्याचा खालचा बाइट आधी ठेवतो, ही गोष्ट फळ्यावर समजावण्यात माझा पूर्वी अर्धा तास जाई. तिने ती यादीतून स्वतः पकडली.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. पुढे येणाऱ्या लेबलाकडे उडी मारायची असेल तर असेंब्लरला त्याचा पत्ता अजून माहीत नसतो. एकाच फेरीत, चुका दाखवण्याची सोय चालू ठेवून कोड तयार करायला गेलात तर मशीन ‘नो सच व्हेरिएबल’ म्हणून थांबते. म्हणून आपणच फॉर-नेक्स्टचे लूप लावायचे. पहिली फेरी ‘ऑप्ट ०’ची: असेंब्लर चुकांकडे दुर्लक्ष करतो आणि लेबलांचे पत्ते गोळा करतो. दुसरी ‘ऑप्ट ३’ची: आता सगळे पत्ते ठाऊक असतात, खरा कोड बसतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ‘पी टक्के’ हे कोड कुठे बसवायचा ते सांगणारे व्हेरिएबल मूळ पत्त्यावर परत न्यावे लागते, नाहीतर दुसऱ्या फेरीचा कोड भलतीकडेच जाऊन पडतो. असेंब्लरला दोन फेऱ्या का लागतात, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ते लूप लिहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. आधुनिक क्रॉस-असेंब्लर, म्हणजे दुसऱ्याच संगणकावर चालणारा असेंब्लर, हे काम मुकाट्याने उरकतो. सरावलेल्या माणसाची त्याने सोय होते, पण शिकणाऱ्याला काहीच दिसत नाही.

या असेंब्लरला मर्यादा आहेत आणि त्या मी मुलांपासून लपवत नाही. मूळ प्रोग्रॅम, लेबले आणि तयार कोड हे सगळे एकाच मेमरीत राहतात. डिस्क इंटरफेस बसवलेल्या मॉडेल बीवर बेसिकची जागा हेक्स १९०० पासून सुरू होते. मोड ७ या केवळ मजकुराच्या पडद्यात ती ७सी०० पर्यंत, म्हणजे २५,३४४ बाइट मिळते. रंगीत खेळासाठी मोड २ घेतला की पडद्यालाच २० केबी जातात आणि हातात उरतात फक्त ५,८८८ बाइट. प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी टिपा लिहिल्या की त्याही यातूनच जागा खातात. शिवाय मशीनमध्ये पहिल्या आवृत्तीचे बेसिक असेल तर ईक्यूयूबी, ईक्यूयूएस या कोडमध्ये आकडे आणि मजकूर भरणाऱ्या सूचना नसतात, आणि तक्ते व मजकूर कोडमध्ये भरणे किचकट होते. ‘रिपोर्ट’ टाइप करून पाहा: १९८१ आले तर पहिली आवृत्ती, १९८२ आले तर दुसरी.

इथवर आलेल्या मुलाला मी लॅपटॉपवर नेतो, पण बीबॅझम या असेंब्लरकडे. तो बीबीसी मायक्रोसाठीच लिहिलेला आहे. लेबलाआधी टिंब, हेक्ससाठी अँपरसँड, सगळे बेसिकमधल्यासारखेच, त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. एका आज्ञेत तो थेट एसएसडी डिस्क इमेज, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपीची फाइलरूपी प्रत, तयार करून देतो, आणि ती एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लगेच चालते. त्यातली ‘गार्ड’ ही सूचना तर मला फार आवडते. पडद्याच्या मेमरीचा पत्ता तिला सांगून ठेवला की कोड तिथवर पोचताच असेंब्लर तक्रार करतो. सीए६५ उत्तम आहे, अनेक फाइलींचा मोठा प्रकल्प असेल तर जरूर घ्यावा. पण पहिला ‘ए’ पडद्यावर उमटण्याआधी चौदा वर्षांच्या मुलाने लिंकरची (कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) कॉन्फिगरेशन फाइल लिहावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. एसीएमई हा आणखी एक असेंब्लर हलका आहे, पण डिस्क इमेजसाठी आणखी एक साधन शोधावे लागते.

मशीन नसेल तर जेएसबीब हा एम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो. त्यात तेच बेसिक आहे आणि तोच असेंब्लर, एक पैसाही खर्च नाही. आणि ज्या शाळांच्या माळ्यावर ही मशीन अजून पडून असतील, त्यांनी ती भंगारात देऊ नयेत, पण थेट प्लगही लावू नये. पॉवर सप्लायमधले मेन्सच्या बाजूचे जुने फिल्टर कपॅसिटर तडकून धूर करतात. जाणकाराकडून ते आधी बदलून घ्यावेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा